प्रिंटरची शाई: डाय की पिगमेंट?

प्रवेश अर्जाची छापील प्रत पावसात भिजते. काळा मजकूर जसाच्या तसा राहतो, पण वरचं संस्थेचं रंगीत बोधचिन्ह निळ्या-गुलाबी ओघळांत पसरतं. प्रिंटर एकच, कागद एकच, पाणीही तेच. वेगळी असते ती शाईची जात. घरोघरी दिसणाऱ्या अनेक टँक प्रिंटरांत काळ्या बाटलीत पिगमेंट शाई असते आणि सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा या तीन बाटल्यांत डाय. कॅननच्या जी मालिकेतल्या आणि एचपीच्या इंक टँकमधल्या कित्येक मॉडेलांत हीच मांडणी आहे. एप्सनच्या ००१ क्रमांकाच्या शाईतही तसंच. पण त्याच कंपनीच्या ००३ क्रमांकाच्या चारही बाटल्या डायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला या सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात आणि 'शाई ती शाई' म्हणून कोणतीही कशातही ओतली जाते. घोळ तिथूनच सुरू होतो.

डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, रेणू-रेणू सुटा. पिगमेंट शाईत रंग विरघळतच नाही. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. लिंबाचं सरबत आणि ताक यांत जो फरक, तोच हा. सरबतातली साखर कितीही वेळ ठेवली तरी तळाशी बसत नाही. ताक ठेवलं की वर निवळी आणि खाली साका. पिगमेंटचा कण साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. प्रिंटरच्या हेडचं, म्हणजे शाईचे थेंब सोडणाऱ्या भागाचं, छिद्र त्याच्या शे-दोनशे पट मोठं, त्यामुळे एकेकटा कण सहज निघून जातो. पुष्कळ कण एकमेकांना चिकटून मोठी गुठळी झाली की अडचण.

कागदावर पडल्यावर दोन्हींचे मार्ग वेगळे होतात. डाय पाण्यासोबत कागदाच्या तंतूंत शिरतो, म्हणून साध्या कागदावर अक्षरांच्या कडा किंचित फुलतात. पिगमेंटचे कण बरेचसे वरच अडकतात आणि पाणी तेवढं खाली जातं. त्यामुळे काळा रंग गडद येतो, कडा धारदार राहतात आणि नंतर पाणी पडलं तरी कण विरघळत नाहीत. हायलायटर फिरवल्यावर डायची अक्षरं पुसट फराटे सोडतात, वाळलेल्या पिगमेंटची सहसा सोडत नाहीत. सही-शिक्क्याचे, वर्षानुवर्षं जपायचे कागद पिगमेंट काळ्यात छापावेत असं मी ठामपणे सांगेन.

ही काही आजची युक्ती नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या मशीने, म्हणजे काळ्या शाईने, लिहिल्या गेल्या, ती काजळ, डिंक आणि पाणी यांची. काजळ म्हणजे कार्बन, तो पाण्यात विरघळत नाही. डिंक त्याचे कण सुटे ठेवतो आणि वाळल्यावर पानाला धरून ठेवतो. व्याख्येनुसार ती पिगमेंट शाईच. आजच्या काळ्या पिगमेंट बाटलीतही रंग कार्बनचाच असतो. बदललं आहे ते डिंकाचं काम करणारं रसायन.

टिकाऊपणाच्या बाबतीत सगळ्यात बोलका आहे तो सायन रंग. डाय आणि पिगमेंट दोन्हींच्या निळ्या बाटलीत बहुतेक वेळा एकाच घराण्याचा रेणू असतो: कॉपर थॅलोसायनिन. त्याला सल्फोनेट गट, म्हणजे पाण्याशी जुळणारे अणूंचे गट, जोडले की तो पाण्यात विरघळतो, म्हणजे डाय झाला. न जोडता त्याचे स्फटिक बारीक दळले की पिगमेंट झालं. रेणूचा गाभा तोच, पण विरघळलेल्या रूपात प्रत्येक रेणू हवेला आणि उजेडाला उघडा पडतो. कणाच्या रूपात वरचा थर झिजला तरी आतले हजारो रेणू शाबूत राहतात.

याचा पुरावा सन २००० मध्ये बाजारातच मिळाला. एप्सनने त्या वर्षी स्टायलस फोटो १२७० हा डाय शाईचा प्रिंटर आणला. छपाई अप्रतिम होती, छायाचित्रकार खूश होते. मग काही जणांच्या भिंतीवरचे फोटो थोड्याच काळात नारिंगी पडू लागले, तेही ऊन न लागता. कारण होतं हवेतला ओझोन वायू. चकचकीत फोटो कागदावर सूक्ष्म छिद्रांचा थर होता. त्यामुळे शाई झटपट वाळायची, पण त्याच छिद्रांतून हवा आत जायची आणि सुटा थॅलोसायनिन रेणू तोडून टाकायची. सायन गेला की उरतात मजेंटा आणि पिवळा, म्हणजे नारिंगी. काचेच्या चौकटीत बंद केलेले फोटो बरेच वाचले. डाय शाईतला फोटो भिंतीवर लावायचा तर काचेमागे लावा किंवा लॅमिनेट करा, हा सल्ला याच अनुभवावर उभा आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच कंपनीने पिगमेंट शाईचा २०००पी हा फोटो प्रिंटरही आणला. तो टिकाऊपणात सरस होता, पण त्याची तक्रार वेगळीच निघाली: दिव्याखाली ठीक दिसणारा कृष्णधवल फोटो खिडकीजवळ नेला की हिरवट वाटायचा. रंगछटाही डायइतक्या भडक येत नव्हत्या. २००२ मध्ये आलेल्या २२०० मॉडेलात रेझिनचं (राळेसारखं) आवरण चढवलेले कण आणि फिकट काळ्या शाईचं वेगळं कार्ट्रिज दिलं, तेव्हा हा दोष पुष्कळ कमी झाला. पिगमेंटचे कण चकचकीत कागदाच्या वर बसतात, त्यामुळे तिरक्या उजेडात काही भाग चमकतो, काही मंद दिसतो, कधी तांब्यासारखी झाक येते. यावर उपाय म्हणून काही महागड्या प्रिंटरांत रंगहीन चमक देणारी वेगळी शाईच असते. चकचकीत कागदावर एकसंध झळाळी हवी असेल, तर आजही स्वस्त प्रिंटरांत डायच बरी.

कण तरंगत ठेवणं ही खरी अवघड कामगिरी, आणि या क्षेत्रातले कितीतरी शोध त्यासाठीच लागले. छपाईच्या यंत्रणेचा शोध त्याआधीचा. १९७७ मध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने बुडबुडा, बुडबुड्याने थेंब, ही कल्पना तिथून पुढे गेली. पण या पद्धतीत छोटासा हीटर काही मायक्रोसेकंदांत ३०० अंशांपलीकडे जातो. विरघळलेला रंग ते तुलनेने बरं सोसतो. कण आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचं रसायन) हीटरवर करपून थर धरू शकतात. एप्सनची पिझो पद्धत उष्णता वापरत नाही, विजेने वाकणारा स्फटिक शाईला ढकलतो. म्हणून तिथे पिगमेंटला मोकळीक जास्त.

कणांना सुटं ठेवायचे दोन मोठे मार्ग आहेत. एक, एका टोकाने कणाला चिकटणारं आणि दुसऱ्या टोकाने पाण्यात पसरणारं पॉलिमर वापरणं. ड्युपाँट या रसायन कंपनीचं काम या दिशेचं. दुसरा मला जास्त सुंदर वाटतो. कॅबॉट कंपनीने १९९० च्या दशकात कार्बनच्या कणाच्या पृष्ठभागावरच विद्युतभार असलेले गट रासायनिक बंधाने जोडले. प्रत्येक कणावर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात, आणि डिंकाची गरजच उरत नाही.

हा भार क्षाराने मारता येतो, आणि इथेच बाटल्या मिसळण्याचा धोका आहे. डाय हे रासायनिकदृष्ट्या बहुधा क्षारच असतात. पिगमेंट शाईत डाय शाई ओतली की कणांमधलं अपकर्षण कमकुवत होऊ शकतं, कण गुठळ्या धरतात आणि हेड तुंबतं. एचपीच्या संशोधकांनी हीच गोष्ट कागदावर कामाला लावली. रंगीत शाईत मुद्दाम कॅल्शियमसारखा क्षार घालायचा, म्हणजे काळी पिगमेंट तिला भिडताच जागीच साकळते आणि पिवळ्यात काळा पसरत नाही. जे टाकीत घडलं तर प्रिंटर जातो, तेच कागदावर घडलं की रेष स्वच्छ येते.

काळी पिगमेंट आणि रंगीत डाय असलेल्या प्रिंटरात संगणकावरच्या छपाईच्या खिडकीतला कागदाचा प्रकार नीट निवडावा लागतो. साधा कागद निवडला तर काळ्यासाठी पिगमेंट वापरली जाते. चकचकीत फोटो कागद निवडला तर अनेक प्रिंटर पिगमेंट बंद ठेवतात आणि तीन डाय मिसळून काळा बनवतात, कारण त्या कागदावर पिगमेंट वरच राहून बोटाला लागते. फोटो कागद घालून सेटिंग 'प्लेन'वर ठेवलं की फोटोतले काळे केस हाताने पुसले जातात, आणि लोक शाईला नावं ठेवतात.

कॉफीच्या मगवर आणि टी-शर्टवर छापायची सब्लिमेशन शाई या दोघींच्या मधली आहे. तिच्यातला रंग डिस्पर्स डाय, पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून बाटलीत पिगमेंटसारखा कणांच्या रूपात असतो. आधी कागदावर छापून मग सुमारे २०० अंशांच्या प्रेसखाली दाबला की त्याची वाफ होते आणि तो पॉलिएस्टरमध्ये शिरतो. सुती कपड्यावर तो धरत नाही.

पिगमेंट म्हणजे अमर, असं मात्र कुणी समजू नये. चौकातले फ्लेक्स सॉल्व्हंटमधल्या, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातल्या, पिगमेंट शाईनेच छापतात. दोन उन्हाळे खाल्लेला फ्लेक्स पाहा: चेहरे निळसर, पिवळे झेंडू पांढुरके. पिवळी आणि मजेंटा पिगमेंटं उन्हात आधी जातात, थॅलोसायनिन आणि कार्बन तग धरतात. घरातल्या ओझोनपुढे डाय म्हणून जो निळा सर्वांत आधी पडतो, तोच पिगमेंट होऊन भर उन्हात सगळ्यांच्या मागे उरतो.

हातातली बाटली कोणत्या जातीची ते कळत नसेल, तर ओल्या टिश्यू पेपरवर एक थेंब सोडा. डाय पाण्याबरोबर लांब धावते आणि काळ्यातून निळी-जांभळी वलयं बाहेर पडतात. पिगमेंटचा गडद ठिपका मध्येच बसून राहतो. सुटी शाई विकत घेताना बाटलीवर प्रिंटरचं नाव असणं पुरेसं नाही, जात लिहिलेली असली पाहिजे. पिगमेंटची बाटली बरेच महिने पडून असेल तर टाकीत ओतण्याआधी बंद झाकणाने हलकेच उलटीपालटी करून घ्या. जोरात घुसळू नका, फेस झाला तर हवा नळीत जाते. आणि पिगमेंट असलेल्या प्रिंटरमधून आठवड्याला एखादं पान काढत राहा. छिद्राच्या तोंडाशी वाळलेले कण पाण्याने पुन्हा सुटे होत नाहीत.