आधी मायनस, मग प्लस

'गाडी बंद आहे ना, मग बॅटरीची कुठलीही वायर आधी सोडा,' हा समज जुना आहे. इंजिन बंद म्हणजे करंट बंद, असं वाटणं साहजिकच. पण आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांत मायनस टोक बॉडीला जोडलेलं असतं. अडचणीच्या जागेत प्लसचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला, की थेट शॉर्ट! ठिणग्या उडतात, पाना तापतो, हात भाजतो. आधी मायनस सोडलं की हा मार्गच तुटतो.

मल्टिमीटरने स्वतः पाहा. प्लस आणि बॉडीवरचा रंग न लागलेला बोल्ट यांत साधारण १२.६ व्होल्ट दिसतील. मायनस सुटल्यावर जवळजवळ शून्य. जोडताना क्रम उलटा: आधी प्लस, मायनस शेवटी.