पार्श्वभूमी : हार्पर ली, पडद्यावरचा ॲटिकस आणि आधीचा खर्डा

अमेरिकन लेखिका हार्पर ली यांच्या नावावर दोन कादंबऱ्या लागतात. ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ११ जुलै १९६० ला आली आणि ‘गो सेट अ वॉचमन’ १४ जुलै २०१५ ला. दुसरीची घोषणा झाली तेव्हा बातम्यांमधून तिला सर्रास ‘पुढचा भाग’ म्हटलं गेलं. ली यांच्याबद्दल नंतर जो गदारोळ झाला त्याचं मूळ बऱ्याच अंशी याच दोन शब्दांत आहे.

लेखनाचा क्रम नेमका उलटा होता. १९५६ च्या नाताळात न्यू यॉर्कमधल्या एका स्नेही जोडप्याने ली यांना वर्षभर पुरेल एवढा पैसा भेट दिला. तोवर त्या विमान कंपनीत आरक्षणाच्या कामाला होत्या. नोकरी सोडल्यावर त्यांनी हाती घेतलं ते ‘वॉचमन’, आणि १९५७ मध्ये ते प्रकाशकाकडे गेलं. त्यात सव्वीस वर्षांची जीन लुईज न्यू यॉर्कहून अलाबामातल्या आपल्या गावी येते. अनुभवी संपादिकेला त्यातल्या बालपणीच्या आठवणी भावल्या. त्या लहान मुलीच्या नजरेतूनच कादंबरी लिहा, असं तिने सुचवलं. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चाललं आणि त्यातून ‘मॉकिंगबर्ड’ झालं. त्यात हीच जीन लुईज स्काउट या नावाची लहान मुलगी आहे, आणि तिचा वकील बाप ॲटिकस टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय आरोपीचा बचाव करतो.

गोष्ट वीस वर्षांनंतरची म्हणून ‘पुढचा भाग’ म्हणावं, असं वरवर वाटतं. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की हे टिकत नाही. गावाच्या वर्णनाचे काही परिच्छेद जवळजवळ शब्दशः सारखे आहेत. ‘मॉकिंगबर्ड’मधला घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली ‘वॉचमन’मध्ये नाहीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्या खटल्यावर ‘मॉकिंगबर्ड’ उभी आहे त्यात ‘वॉचमन’मधला ॲटिकस आरोपीला निर्दोष सोडवतो. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये टॉम रॉबिन्सन दोषी ठरतो. पहिल्या पुस्तकाचा निकालच बदलणारा पुढचा भाग कसा असेल? हा खर्डा आहे, लेखिकेने ओलांडून मागे टाकलेला. तो छापायला माझी हरकत नाही. अभ्यासकांना तो सोन्यासारखा आहे. पण खर्डा म्हणून, टिपांसह, प्रस्तावनेसह यायला हवा होता. मिशिगनमधल्या एका पुस्तकविक्रेत्याने नवी कादंबरी समजून तो घेतलेल्या ग्राहकांना पैसे परत देऊ केले, तेही याच कारणासाठी.

छापण्याचा निर्णय कसा झाला, यावरही बरंच लिहिलं गेलं. ली यांचे व्यवहार वर्षानुवर्षं त्यांची वकील असलेली थोरली बहीण पाहत असे. ती नोव्हेंबर २०१४ मध्ये १०३ व्या वर्षी गेली आणि घोषणा झाली ३ फेब्रुवारी २०१५ ला. ली तेव्हा ८८ वर्षांच्या होत्या. २००७ मध्ये त्यांना पक्षाघात झाला होता, दिसणं आणि ऐकू येणं बरंच कमी झालं होतं, आणि त्या वृद्धांसाठीच्या निवासात राहत होत्या. हस्तलिखित २०१४ च्या ऑगस्टमध्ये सापडलं, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. ते २०११ मध्येच एका तज्ज्ञाने पाहिलं होतं, असं पुढे वर्तमानपत्रांत आलं. वकिलांनी त्याचा इन्कार केला. ली यांच्यावर दबाव असल्याची तक्रार राज्य सरकारकडे गेली, चौकशी झाली, आणि तक्रारीत तथ्य आढळलं नाही. तेव्हा ‘त्यांना फसवलं’ असं ठामपणे म्हणणं बरोबर नाही. पण जी बाई पन्नास वर्षं दुसरं पुस्तक काढायला नकार देत आली, तिच्या आयुष्यातला हा निर्णय बहीण गेल्यानंतर तीन महिन्यांत जाहीर झाला, हेही नजरेआड करता येत नाही.

वाचक हादरले ते वेगळ्याच कारणाने. ‘वॉचमन’मधला ७२ वर्षांचा ॲटिकस गोऱ्यांचं वर्चस्व टिकवू पाहणाऱ्या नागरिक परिषदेच्या बैठकीत बसतो. लोकांच्या मनात तर ॲटिकस म्हणजे अभिनेता ग्रेगरी पेक. ‘मॉकिंगबर्ड’वरच्या, १९६२ च्या नाताळात आलेल्या चित्रपटाने हे करून ठेवलं होतं. कादंबरी स्काउटची, पण चित्रपट हळूहळू तिच्या वडिलांचा होत गेला. कच्ची जुळणी पाहून मुलांचे प्रसंग फार झालेत आणि ॲटिकसला वाव कमी मिळतोय, अशी टिपणं स्वतः पेक यांनी पाठवली होती. १२९ मिनिटांच्या चित्रपटात खटल्याने सुमारे अर्धा तास व्यापला. ली यांच्या मनरोव्हिल या गावचं न्यायालय मोजमापं घेऊन हॉलीवूडमध्ये जसंच्या तसं उभारलं गेलं. उत्कृष्ट अभिनेता, रूपांतरित पटकथा आणि कला दिग्दर्शन, अशी तीन ऑस्कर आली.

पटकथा लिहायला ली यांनी नकार दिला होता, पण चित्रपट त्यांना मनापासून आवडला. ॲटिकस ज्यांच्यावरून घेतला ते वडील चित्रपट येण्याआधीच, एप्रिल १९६२ मध्ये वारले. त्यांचं खिशातलं घड्याळ ली यांनी पेक यांना दिलं. त्याच वडिलांनी १९१९ मध्ये दोन कृष्णवर्णीय आरोपींचा बचाव केला होता. दोघेही फासावर गेले, आणि पुन्हा त्यांनी फौजदारी खटला घेतला नाही. अशा माणसाच्या मनाचे दोन्ही कोपरे लेकीने लिहिले. पडद्याने त्यातला एकच उजळला, आणि तोही इतका की २००३ मध्ये एका चित्रपटसंस्थेने ॲटिकसला पडद्यावरचा सर्वश्रेष्ठ नायक ठरवलं.

पुढे ली स्वतः पडद्यावरचं पात्र झाल्या. लेखक ट्रुमन कपोटी यांच्यावरच्या २००५ आणि २००६ च्या दोन चित्रपटांत त्या येतात त्या कॅन्सासच्या हत्याकांडाची माहिती गोळा करायला गेलेल्या बालमैत्रिणीच्या रूपात.

ली १९ फेब्रुवारी २०१६ ला गेल्या. नंतरची वर्षं वारसाहक्क सांभाळणाऱ्यांच्या निर्णयांनी भरली आहेत. काही आठवड्यांतच ‘मॉकिंगबर्ड’ची शाळांना परवडणारी स्वस्त आवृत्ती बंद झाली. २०१८ मध्ये ‘मॉकिंगबर्ड’वर बेतलेल्या ब्रॉडवेच्या नव्या नाटकावर त्यांनी दावा लावला, कारण करारानुसार पात्रं बदलायची नव्हती आणि ॲटिकस बदलला होता. तो दावा मिटला, नाटक डिसेंबरात उघडलं आणि तुफान चाललं. पण २०१९ मध्ये त्याच नाटकाच्या हक्कांपायी जुन्या संहितेचे प्रयोग करणाऱ्या छोट्या नाट्यसंस्थांना ऐन वेळी प्रयोग रद्द करावे लागले.

२०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या घरात सापडलेल्या ली यांच्या सुरुवातीच्या कथा लेखांसह प्रसिद्ध झाल्या. त्या ‘मॉकिंगबर्ड’च्या आधीच्या आहेत, हे मात्र या वेळी पहिल्यापासून स्पष्ट सांगितलं गेलं.