के'गारीची तळी: एक भूजलाचं, एक निव्वळ पावसाचं

ऑस्ट्रेलियातल्या के'गारी बेटाला, म्हणजे पूर्वीच्या फ्रेझर आयलंडला, जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या वर्णनात एक वाक्य हमखास असतं: "बेट अख्खं वाळूचं, चहूबाजूंनी समुद्र, तरी तळ्याचं पाणी गोड, कारण ते वाळूतून गाळून येतं." फोटो बहुधा लेक मॅकेन्झीचा असतो, आणि मॅकेन्झीबद्दल हे वाक्य साफ चुकीचं आहे. मीठ पाण्यात विरघळलेलं असतं. समुद्राचं पाणी वाळूतून कितीही झिरपवलं तरी खारंच राहणार. आणि मॅकेन्झी समुद्रसपाटीपासून सुमारे १०० मीटर उंचावर आहे. तिथवर समुद्राचं पाणी चढणार कसं?

या बेटावर मुख्यतः दोन जातींची तळी आहेत. एक विंडो लेक, दुसरं पर्च्ड लेक. बहुतेक जण पहिल्याचं वर्णन दुसऱ्याला चिकटवतात. नुसत्या माहितीची चूक असती तर सोडून दिली असती, पण तळ्यावर आपण कसं वागतो ते याच गैरसमजावर ठरतं.

विंडो लेक समजावून सांगायची फारशी गरज नाही. कोकणात पुळणीजवळची विहीर पाहिली असेल तर ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस वाळूत मुरतो, जड खाऱ्या पाण्यावर हलकं गोडं पाणी तरंगत राहतं, आणि जमीन त्या पातळीच्या खाली गेली की पाणी उघडं दिसतं. विहीर आपण खणतो, इथे ते काम वाऱ्याने केलंय.

पर्च्ड लेक, मॅकेन्झी याच जातीचं, म्हणजे मात्र कागद अंथरलेलं शेततळं. भूजलाशी त्याचा संबंध नाही. भूजल पार खाली, मध्ये कोरडी वाळू, आणि तिच्यावर अधांतरी साठलेलं पावसाचं पाणी. ते झिरपून का जात नाही, हाच खरा प्रश्न, आणि उत्तर वाळूत नसून झाडांत आहे. वाऱ्याने टेकड्यांमध्ये खळगे कोरले. त्यांत वर्षानुवर्षं पानं, साल, काटक्या पडत आणि कुजत राहिल्या. त्या कुजलेल्या मालातली सेंद्रिय द्रव्यं वाळूच्या कणांमध्ये उतरली आणि ॲल्युमिनियम, लोहासोबत त्यांनी कण एकमेकांना सांधले. होता होता तळाशी पाणी जवळजवळ न सोडणारा कठीण थर बसला. वरून पाऊस पडला, खळगा भरला. जगात वाळूच्या टेकड्यांवरची अशी जी तळी आहेत, त्यांतली निम्मी या एका बेटावर आहेत. १९९२ साली बेट जागतिक वारसा यादीत गेलं, त्यात या तळ्यांचा मोठा वाटा आहे. बेटाचे मूळ रहिवासी असलेले बुचुला लोक मॅकेन्झीला बूरंगूरा म्हणतात. बेटाचं मूळ नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे परत आलं, तेव्हा तळ्याचंही नाव आपण शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता जिथे बहुतेकांची गाडी घसरते तो मुद्दा. मॅकेन्झी सुमारे १५० हेक्टरचं असलं तरी जेमतेम पाचेक मीटर खोल आहे. त्याला ओढा येऊन मिळत नाही, त्यातून ओढा निघत नाही. पाणी येतं ते आभाळातून आणि जातं ते मुख्यतः वाफ होऊन. वाफ होताना पाणी तेवढं जातं, बाकी सगळं तळ्यातच राहतं. अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन, साबण, पोरांची लघवी, धुतलेल्या डब्याचं तेल, सगळं. विंडो लेकमध्ये निदान भूजलाची ये-जा चालू असते. इथे तीही नाही. त्यातच या पाण्यात पोषक द्रव्यं नावालाच असतात आणि ते आम्लधर्मी असतं. मोजके मासे आणि अशा आंबट पाण्याला सरावलेले बेडूक त्यात तग धरतात. गरीब पाण्यात थोडीशी भरही मोठी ठरते. एकदा काठावर एक बाई स्टीलचा डबा विसळत होत्या. लोणच्याच्या तेलाचा पिवळसर तवंग पांढऱ्या वाळूवरून हळूहळू आत सरकत होता. "वाहून जाईल की," त्या म्हणाल्या. पण वाहून जाणार कुठे?

म्हणून माझा आग्रह आहे: सनस्क्रीन लावून लगेच पाण्यात शिरू नका. लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला, म्हणजे निम्मं सनस्क्रीन लागतच नाही. पाण्यात उतरण्याआधी शौचालयात जाऊन या, मुलांनाही नेऊन आणा. त्या बारीक सिलिका वाळूने दागिने आणि दात घासायचं जे खूळ आहे ते बंद करा. बाटलीत वाळू भरून घरी आणणं तर राष्ट्रीय उद्यानात नियमाविरुद्धच आहे.

रंगाचा घोळही इथेच मिटवू. "निळं स्वच्छ ते पावसाचं, तपकिरी ते गढूळ, जमिनीतलं" अशी एक समजूत फिरते. बूमंजिन हे पर्च्ड तळं आहे, सुमारे २०० हेक्टरचं, या जातीतलं जगातलं सर्वांत मोठं, आणि ते तपकिरी आहे. भोवतालच्या झाडाझुडपांतून उतरलेल्या टॅनिनचा तो रंग. ओंजळीत पाणी जवळपास बिनरंगी दिसतं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पाय तांबूस दिसतात. त्यात घाण काही नाही. रंगावरून तळ्याची जात ओळखता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. मला तर बूमंजिन मॅकेन्झीपेक्षा जास्त आवडतं, तिथे गर्दी कमी असते.

लेक वॉबी या दोन्हींत नीट बसत नाही. ते भूजलाचं आहे आणि अडवलेलंही आहे: सरकत्या वाळूच्या टेकडीने ओढ्याची वाट बंद केली आणि पाणी तुंबलं. सुमारे १२ मीटर खोल, बेटावरचं सर्वांत खोल तळं, आणि माशांना त्यातल्या त्यात मानवणारं. तीच टेकडी आता तळं गिळत पुढे येते आहे. त्या उतारावरून धावत येऊन पाण्यात सूर मारू नका. मणक्याच्या गंभीर दुखापती तिथे झालेल्या आहेत.

पिकनिक कुठे करायची, यावर माझं मत ठाम आहे: तळ्यावर नाही, रेनफॉरेस्टमध्ये, सेंट्रल स्टेशनला. पूर्वी ते जंगलखात्याचं ठाणं होतं. इथल्या सॅटिने झाडाचं लाकूड समुद्री किड्यांना दाद देत नाही, म्हणून ते पार सुएझ कालव्याच्या कामाला गेलं. तोड थांबली ती १९९१ मध्ये. निव्वळ वाळूवर एवढं उंच जंगल उभं आहे, कारण झाडं स्वतःच्याच पालापाचोळ्यातलं पोषण बुरशीच्या मदतीने पुन्हा उचलतात. तळ्यांचा तळ सांधला तोही अशाच पाचोळ्याने, म्हणून हे जंगल आधी पाहावं आणि मग तळं. वांगूल्बा ओढा जवळच आहे, इतका नितळ की नुसतं वरून पाहिलं तर पाणी आहे हे कळत नाही. जेवण उरकून, डबे गाडीत बंद करून, चालत बेसिन लेकला जा. जवळजवळ गोल, छोटं, पर्च्ड तळं. काठावर शांत बसलात तर कासवं नाक वर काढून श्वास घेताना दिसतात. उत्तरेकडचं लेक ॲलमही असंच झाडीने वेढलेलं आणि कासवांसाठी प्रसिद्ध. त्यांना पोळीचे तुकडे टाकू नका. जिथे पाण्यात मुळातच पोषण नाही, तिथे पोळी म्हणजे दुहेरी उपद्रव, कासवाला आणि पाण्यालाही.

मॅकेन्झीला जेवायचंच असेल तर कुंपणातली पिकनिकची जागा आहे, तिथेच. काठावर पाण्याच्या बाटलीशिवाय खाण्यापिण्याचं काही नेता येत नाही. हा नियम डिंगोंमुळे, म्हणजे इथल्या रानकुत्र्यांमुळे आहे, आणि तो चिवड्याच्या पुडीलाही लागू आहे. खाण्याचा वास लागलेला डिंगो माणसाला भिणं सोडतो, मग अंगावर येतो, आणि शेवटी बहुधा त्यालाच मारावं लागतं. मुलं हाताच्या अंतरावर ठेवा, एकट्याने फिरू नका.

गाडी फोर व्हील ड्राइव्हच लागते, बेटावर गाडी न्यायचा परवाना आधी काढावा लागतो, आणि किनाऱ्यावरून जायचं ते ओहोटीची वेळ पाहून. गाड्या नेणारी बोट, म्हणजे बार्ज, हर्वी बेजवळच्या रिव्हर हेड्सहून किंवा इन्स्किप पॉइंटहून सुटते.