गच्चीवरून विमानतळाकडे: हवाई टॅक्सीची पूर्वपीठिका

विजेवर चालणारी, धावपट्टीविना जागच्या जागी वर उठणारी विमाने शहरातल्या प्रवासासाठी येऊ घातली आहेत, असे गेली दहाएक वर्षे सांगितले जात असले, तरी भर शहरातून हवेतून विमानतळ गाठण्याचा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये फार पूर्वीच होऊन गेला. न्यूयॉर्क एअरवेज या कंपनीने १९५३ मध्ये हेलिकॉप्टरने प्रवासी नेण्यास सुरुवात केली आणि डिसेंबर १९६५ पासून मॅनहॅटनमधील ५९ मजली पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरून तिची उड्डाणे होऊ लागली. सरकारी अनुदान त्याच वर्षी बंद झाले होते. १९६८ मध्ये गच्चीवरची सेवाही थांबली.

१९७७ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा सुरू झाली. १६ मे रोजी प्रवासी चढत असताना, वरचा पंखा फिरत असतानाच, गच्चीवर उभ्या हेलिकॉप्टरचा एक पाय धातू थकल्यामुळे मोडला आणि ते कलंडले. गच्चीवर चौघे दगावले. पात्याचा तुकडा खाली मॅडिसन अव्हेन्यूवर पडून एक पादचारी स्त्री मरण पावली. एप्रिल १९७९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळावर कंपनीच्या दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याचे पाते निखळून तिघांचा बळी गेला आणि त्यानंतर लवकरच कंपनीने दिवाळे काढले.

एका भागावर अख्ख्या विमानाचा भार नको, या विचाराला विजेच्या मोटरींनी वाट करून दिली. ऑक्टोबर २०११ मध्ये जर्मनीत थॉमस सेंकेल १६ पंख्यांच्या सांगाड्यात बसून, खाली व्यायामाचा मोठा चेंडू बांधून, दीड मिनिट हवेत राहिले. अनेक पंख्यांपैकी एखादा बंद पडला तरी उरलेले भार पेलतात, हे नेवार्कच्या अपघाताला दिलेले उत्तर म्हणता येईल. पॅन ॲमच्या गच्चीवरील अपघाताला मात्र ते उत्तर नाही, कारण तिथे मोडला तो पाय होता. म्हणून चढण्या-उतरण्याची जागा हा प्रश्न माझ्या मते यंत्राइतकाच मोठा आहे. शिवाय किलोभर विमान-इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन सेलमध्ये अडीचशे-तीनशे. मोटर कितीही काटकसरी असली तरी पल्ला आखूड राहतो तो यामुळे.

२०१६ मध्ये उबरने या वाहतुकीचा आराखडा प्रसिद्ध केला, पण २०२० मध्ये त्यासाठीचा आपला विभाग अशी विमाने बनवणाऱ्या जोबी एव्हिएशन या कंपनीला देऊन टाकला. चीनच्या ईहँग कंपनीला ऑक्टोबर २०२३ मध्ये वैमानिकाविना उडणाऱ्या दोन आसनी यानासाठी प्रमाणपत्र मिळाले. सेंकेल ज्या प्रयत्नाचा भाग होते त्यातून उभी राहिलेली व्होलोकॉप्टर कंपनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रवासी नेणार होती. ते जमले नाही आणि त्याच डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.