पलटणीचं टार्टन आणि कुळाचं टार्टन: आधी कुठलं?

स्कॉटिश सैनिकाचा किल्ट, म्हणजे चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, पाहिला की वाटतं, त्याचं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, हे पलटण उभी करणाऱ्या सरदाराच्या कुळाचं (क्लॅनचं). म्हणजे कूळ आधी, पलटण मागून. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी क्रम नेमका उलटा आहे.

ब्लॅक वॉच ही रेजिमेंट १७३९ची. तिचं टार्टन गर्द निळं, हिरवं, काळं. त्याला सरकारी टार्टनच म्हणतात. कलोडनच्या लढाईत सरकारी फौजेने बंडखोरांना हरवल्यानंतर, १७४६ साली, हायलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, पुरुषांना किल्ट घालायची कायद्यानेच बंदी झाली. सूट फौजेतल्यांना. १७८२ला बंदी उठेपर्यंत टार्टन राजरोस मिरवलं ते शिपायांनी.

१७९३ मध्ये ड्यूक ऑफ गॉर्डन नवी पलटण उभी करत होता. हंटली गावच्या विल्यम फोर्साइथ या कापडवाल्याने त्याच्यापुढे तीन नमुने ठेवले. कापड तेच सरकारी, फक्त त्यात पिवळी रेघ: एकात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. ड्यूकने एका रेघेचं पसंत केलं. आज गॉर्डन आडनावाची मंडळी तेच घराण्याचं म्हणून लग्नाकार्यात घालतात! मॅकेन्झींचंही तसंच, सरकारी कापडात पांढऱ्या-तांबड्या रेघा. १८०३ला आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेली ७८वी हायलंडर्स याच टार्टनची.

मग कुळाची टार्टन खोटी का? मला तसं वाटत नाही. १८१५ मध्ये लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांकडून नमुने मागवले, तेव्हा काहींना आपलं कुठलं हेच धड ठाऊक नव्हतं, हे खरं. पण दोनशे वर्षं वापरलेली खूण ही खूणच असते.

कुणी घालावं, हा प्रश्न मात्र कायद्याचा कमी आणि रिवाजाचा जास्त. २००९ला सुरू झालेल्या स्कॉटिश टार्टन नोंदवहीत नक्षीची नोंद होते, नोंद झाली म्हणून पोशाखाचा हक्क मिळत नाही. ब्लॅक वॉचचं टार्टन तर कुणीही घालतं.

फरक पाहायचाच तर पाठीमागून पाहावा. फौजी किल्टच्या चुण्या सहसा रेघेवर धरतात. गॉर्डनच्या किल्टला मागे प्रत्येक चुणीवर पिवळी रेघ उभी दिसते. घरगुती किल्टमध्ये चुण्या अशा घालतात की पुढची चौकट मागेही जुळावी. अर्थात हौशी लोक रेघेवरही शिवून घेतात, तेव्हा नुसत्या चुण्यांवरून कुणाला फौजी ठरवू नये.