देणगीला मर्यादा, खर्चाला मोकळीक: अमेरिकी निवडणुकीतल्या पैशाची पार्श्वभूमी

अमेरिकी निवडणुकीतल्या पैशाचा विषय निघाला की बोट हमखास सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० सालच्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाकडे जाते; कंपन्या व कामगार संघटनांना प्रचारावर परस्पर खर्च करण्याची मुभा त्याने दिली. तो निकाल मोठा आहेच, पण आजच्या व्यवस्थेचा पाया त्याच न्यायालयाच्या ३० जानेवारी १९७६ च्या निकालाने घातला. त्याआधीचे थोडक्यात सांगता येते. १९०४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विमा कंपन्यांचा पैसा प्रचारात ओतला गेल्याचे उघड झाले आणि १९०७ साली कंपन्यांना केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवारांना देणगी द्यायला बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धात तीच बंदी कामगार संघटनांवर आली आणि १९४७ साली कायम झाली. संघटनांनी त्यावर तोड काढली: सभासदांकडून ऐच्छिक वर्गणी गोळा करायची आणि वेगळ्या खात्यातून उमेदवाराला द्यायची. आज ज्याला ‘पॅक’ म्हणतात ती समिती मुळात कामगार चळवळीची. उद्योगांनी ती नंतर उचलली. कायदे कागदावर होते, राबवणारे कोणी नव्हते.

वॉटरगेटनंतर ही ढिलाई चालण्यासारखी राहिली नाही. अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या प्रचारात बेकायदा पैसा दिल्याची कबुली कंपन्यांनी न्यायालयात दिली आणि १९७४ साली संसदेने एकसंध योजना आणली. एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत फार तर १,००० डॉलर द्यायचे, पॅकने ५,०००. उमेदवाराच्या एकूण खर्चावर मर्यादा, त्याच्या स्वतःच्या खिशातल्या पैशावर मर्यादा, आणि त्रयस्थाने एखाद्या उमेदवारासाठी परस्पर केलेल्या खर्चावरही वर्षाला १,००० डॉलरची मर्यादा. जोडीला हिशेब जाहीर करण्याची सक्ती, अध्यक्षपदासाठी सरकारी निधी आणि देखरेखीला नवा आयोग. यातला प्रत्येक भाग दुसऱ्याच्या आधाराने उभा होता. खर्चच आटोक्यात असेल तर देणग्यांसाठी दारोदार फिरावे लागणार नाही, हा त्यामागचा साधा विचार.

सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ही योजना मधोमध कापली. देणगीवरची मर्यादा टिकली, कारण मोठ्या देणगीतून देवाणघेवाण होते किंवा निदान तसा संशय येतो. खर्चावरच्या मर्यादा मात्र रद्द झाल्या; अपवाद फक्त सरकारी निधी स्वीकारणाऱ्या अध्यक्षीय उमेदवारांचा. आजच्या समाजात लोकांपर्यंत पोचायचे तर पैसा लागतोच, म्हणून खर्चाला लगाम म्हणजे अभिव्यक्तीला लगाम, असे न्यायालय म्हणाले. काहींचा आवाज मोठा व्हावा म्हणून इतरांचा दाबणे पहिल्या घटनादुरुस्तीत बसत नाही, हेही त्याच निकालातले. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. सत्ताधाऱ्यांनी विरोधकांच्या खर्चाची कमाल मर्यादा ठरवायची, यात धोका आहेच. पण उरली ती व्यवस्था कोणत्याही लोकप्रतिनिधीने मागितलेली नव्हती. गरज अमर्याद आणि पुरवठा रेशनवर, अशी स्थिती झाली.

त्याचा परिणाम वॉशिंग्टनमध्ये रोज पाहायला मिळतो. सरकारी कार्यालयातून देणगी मागणे गुन्हा आहे, म्हणून सदस्य सभागृहातून उठून रस्त्यापलीकडच्या पक्षकार्यालयात जातात. तिथल्या लहानशा कप्प्यात बसून, समोर ठेवलेली यादी पाहत, एकामागून एक देणगीदाराला फोन लावतात. कायदे करण्यासाठी निवडून आलेल्या माणसाचे तासन्‌तास यात जातात. याच काळात पॅक फोफावले: १९७४ अखेर सहाशेच्या आसपास होते, दहा वर्षांत चार हजारांवर गेले. आणि १९६८ नंतरच्या सुधारणांनी पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार निवडण्याचा हक्क पक्षनेत्यांकडून प्रायमरीतल्या, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीतल्या, मतदारांकडे दिल्यामुळे अध्यक्षपदाच्या एका निवडणुकीचा खर्च दोनदा करावा लागू लागला.

१९७६ च्या निकालातल्या एका तळटीपेनेही पुढे बरेच काही घडवले. ‘मत द्या’, ‘निवडून द्या’, ‘पराभूत करा’ असे शब्द असतील तरच जाहिरात प्रचाराची, असा अर्थ त्यातून निघाला. मग उमेदवारावर तीस सेकंद चिखलफेक करायची आणि शेवटी ‘त्यांना फोन करून जाब विचारा’ एवढेच म्हणायचे, की ती ‘प्रश्नांविषयीची’ जाहिरात ठरे. तिच्यासाठी कंपनी वा संघटनेच्या तिजोरीतला पैसा चालत असे. २००२ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली: प्रायमरीआधी ३० आणि मुख्य मतदानाआधी ६० दिवस अशा पैशातून उमेदवाराचे नाव घेणारी जाहिरात दूरदर्शन वाहिन्यांवर आणि रेडिओवर चालणार नाही.

२०१० चा खटला याच कलमावर होता. ‘सिटिझन्स युनायटेड’ या पुराणमतवादी संस्थेला २००८ च्या प्रायमरीच्या तोंडावर एका उमेदवाराविरुद्धचा दीड तासाचा चित्रपट केबलवर मागणीनुसार दाखवायचा होता. प्रश्न तसा छोटा होता. पण मार्च २००९ च्या सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारले, हाच मजकूर पुस्तकात असता तर? कंपनीच्या पैशाने छापलेल्या पुस्तकालाही बंदी घालता येईल, असे सरकारी वकिलाला मान्य करावे लागले. न्यायालयाने फेरसुनावणी घेऊन प्रश्नच मोठा केला आणि ५ विरुद्ध ४ मतांनी कंपन्या व संघटनांच्या स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता केलेल्या, खर्चावरची बंदी उठवली.

इथे गोंधळ फार होतो. या निकालाने कंपन्यांना उमेदवाराला देणगी देण्याची मुभा मिळाली नाही. १९०७ ची ती बंदी आजही आहे. सुपर पॅकही, म्हणजे अमर्याद देणग्या घेऊन फक्त स्वतंत्र खर्च करणाऱ्या समित्याही, या निकालाने थेट जन्माला घातल्या नाहीत. ते दोन महिन्यांनी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने केले: स्वतंत्र खर्चातून भ्रष्टाचार होतच नाही, तर तसा खर्च करणाऱ्या समितीला देणगी देण्यावर मर्यादा कशाला, असे ते म्हणाले. सरकारने या मुद्द्यावर वर अपील केले नाही. म्हणजे ज्या संस्थांमार्फत एकेक अब्जाधीश कोट्यवधी डॉलर ओततो, त्यांच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने स्वतः कधी निकाल दिलेलाच नाही. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित निर्णय तो न केलेल्या अपिलाचा आहे.

सगळी भिस्त ‘स्वतंत्र’ या शब्दावर. समिती अनेकदा उमेदवाराच्या जुन्या सहकाऱ्यांची असते आणि तिचा एकमेव हेतू त्याला निवडून आणणे हाच असतो. दोघांनी ठरवून खर्च केला नाही, एवढ्यावर ती स्वतंत्र ठरते. २०२४ साली आयोगाने घरोघरच्या प्रचारात दोघांना हातमिळवणी करायला परवानगी दिली, तेव्हा ही भिंत आणखी खचली. ज्या ना-नफा संस्थांना देणगीदारांची नावे सांगावी लागत नाहीत, त्यांच्यामार्फत आलेल्या पैशाचा तर मूळ पत्ताच लागत नाही.

माध्यमांना यातून मिळणारी कमाई समजून घ्यायची तर दरपत्रक पाहावे. मतदानाआधीच्या ६० दिवसांत स्थानिक टीव्ही केंद्राला उमेदवाराची जाहिरात सर्वांत कमी दराने घ्यावी लागते. सुपर पॅकला ही सवलत नाही. अटीतटीच्या राज्यात ऑक्टोबरमध्ये त्याच अर्ध्या मिनिटाला तो कित्येक पट मोजतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना यातला एक नियम थेट लागू होतो. ग्रीनकार्डधारकाला मत देता येत नाही, पण देणगी देता येते. एच-१बी वर असलेल्याला एक डॉलरही देता येत नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या दोघांनी याविरुद्ध दाद मागितली होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. परकीयांचा खर्च रोखता येतो, कंपन्यांचा येत नाही, हा फरक मला पटवून देणारे उत्तर अजून मिळालेले नाही.

२०२० च्या केंद्रीय निवडणुकांवरचा एकूण खर्च १४ अब्ज डॉलरवर गेला. देखरेख करणाऱ्या आयोगात सहा जागा आहेत, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि कोणत्याही कारवाईला चार मते लागतात. मे २०२५ मध्ये सदस्य तीनवर आले आणि गणपूर्ती गेली. गणपूर्ती नसताना तक्रारी दाखल करून घेता येतात, चौकशी सुरू करता येत नाही. आणि दंडासाठीची पाच वर्षांची मुदत त्या काळातही चालूच राहते.