रोमहेल्ट संलक्षण

(जठर-हृद् संलक्षण). जठर, अन्ननलिका किंवा आतडे यांतील बिघाडामुळे उद्भवणारी हृदयाची धडधड, ठोक्यांची अनियमितता व छातीतील दडपण यांचा समुच्चय. जर्मन वैद्य लूटव्हिख रोमहेल्ट (१८७१–१९३८) यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. कल्पना मात्र जुनी असावी. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात (बहुधा सातवे शतक, काहींच्या मते थोडे आधी) अधोवायू अडवल्याने होणाऱ्या विकारांत गुल्म (पोटातील गोळा), उदावर्त (वायूची उलटी गती) यांच्याबरोबर ‘हृद्गद’ येतो. पण हृद्गद म्हणजे हृदयाचा कोणताही रोग. त्यातून नेमका तालदोषच काढणे ओढाताणीचे आहे.

कारणाविषयी दोन मते आहेत. रोमहेल्ट यांचा भर दाबावर होता : वायूने फुगलेले जठर व मोठ्या आतड्याचे प्लीहेजवळचे वळण डावे मध्यपटल (छाती व पोट यांमधला पडदा) वर ढकलतात आणि हृदय सरकते. मोठ्या मध्यपटल-हर्नियात जठराचा भाग छातीत शिरून डाव्या अलिंदावर (हृदयाच्या वरच्या कप्प्यावर) दाब देतो, तेथे हे मत लागू पडते. एरवी प्राणेशा तंत्रिकेचे (व्हेगस मज्जातंतूचे) मत अधिक पटते. ही तंत्रिका अन्ननलिकेला बिलगून जाते आणि हृदय व जठर दोहोंना शाखा देते. तिच्या उद्दीपनाने नाडी मंदावते व अलिंदाच्या पेशींचा विश्रांतिकाल (एका उद्दीपनानंतर दुसऱ्याला प्रतिसाद न देण्याचा काळ) घटतो, तोही सर्वत्र सारखा नव्हे. त्यामुळे अलिंद-तंतुकंपाला (अलिंदाच्या जलद, अनियमित थरथरीला) वाव मिळतो. फ्रेंच हृद्रोगतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी वर्णिलेला प्राणेशाजन्य तंतुकंप रात्री किंवा जेवणानंतर सुरू होतो, तो यामुळेच. अशा रुग्णांत बीटा-रोधके व डिजॉक्सिन या नाडी मंदावणाऱ्या औषधांनी त्रास वाढू शकतो.

रुग्ण ‘ठोका चुकला’ म्हणतो. प्रत्यक्षात तो वेळेआधी पडलेला असतो. पुढच्या विरामात निलय (हृदयाचा खालचा कप्पा) जास्त भरते आणि नंतरचा ठोका छातीत धप्पकन जाणवतो. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ येत असल्याने तो अधिकच जाणवतो. आम्लप्रत्यावर्तनात (जठरातील आम्ल अन्ननलिकेत परत येण्यात) मात्र डावी कुस हितकर, त्यामुळे दोन्ही त्रास असलेल्याची पंचाईत होते. पलंगाची डोक्याकडची बाजू सुमारे १५ सेंमी. उचलणे, थोडे थोडे खाणे आणि जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवणे हे उपाय दोहोंना चालतात. निदानासाठी २४ ते ४८ तासांचा होल्टर-आलेख (अंगावर बाळगायच्या यंत्राने घेतलेला सलग ई.सी.जी.) लावून जेवणाच्या, आडवे होण्याच्या व त्रासाच्या वेळांची नोंद ठेवतात.

जुलाब-उलट्यांत पोटॅशियम व मॅग्नेशियम घटून होणारे तालदोष वेगळे. ते निलयात उद्भवल्यास जिवावर बेततात. आम्लता कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यासही मॅग्नेशियम घटू शकते. सिसाप्राइड हे जठर-चालक औषध क्यूटी अंतर (ई.सी.जी.वरील निलयाच्या एका ठोक्याचा विद्युत्-काल, जो लांबल्यास घातक तालदोष होऊ शकतो) लांबवते म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झाले. डॉम्पेरिडोन वापरात आहे, पण त्याच कारणाने जपून.

‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन थांबण्यात मोठा धोका आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ व मंद नाडी हीच लक्षणे असू शकतात, म्हणून ई.सी.जी. आधी, पोटाचा विचार नंतर.

उलट दिशेचा, म्हणजे हृदयावरील उपचाराचा अन्ननलिकेशी येणारा, संबंध क्वचित, पण घातक आहे. तंतुकंप थांबवण्यासाठी डाव्या अलिंदाची मागची भिंत नळीद्वारे डागताना तिला लागून असलेली अन्ननलिका भाजून दोहोंमध्ये छिद्र पडू शकते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप, गिळताना वेदना किंवा पक्षाघातासारखी लक्षणे दिसल्यास छातीचा सी.टी. करतात, एंडोस्कोपी टाळतात, कारण तिच्यात फुंकलेली हवा छिद्रातून अलिंदात आणि तेथून मेंदूत जाऊ शकते.